नकाशावरची रेघ आणि नदीकाठचा दगड

१९७८ साली दक्षिण कोरियात ग्रेग बोवेन नावाचा अमेरिकी सैन्यातला एक तरुण आपल्या कोरियन मैत्रिणीबरोबर हांतान नदीच्या काठी फिरायला गेला होता. सैन्यात येण्यापूर्वी तो कॉलेजात पुरातत्त्व शिकलेला होता. काठावरचा एक दगड त्याने उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या ध्यानात आले, की हा आपोआप फुटलेला दगड नाही. कुणीतरी दोन्ही अंगांनी छिलके काढून त्याला धार आणि टोक दिलेले आहे. त्याने फ्रान्समधले नामवंत अश्मयुग-अभ्यासक फ्रांस्वा बोर्द यांना पत्र लिहिले. बोर्द यांनी त्याला सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या किम वॉन-योंग यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जोनगोक-री इथे उत्खनन सुरू झाले. बोवेनला मिळाली होती ती हातकुऱ्हाड. आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांनुसार पूर्व आशियात अशी हातकुऱ्हाड असायला नको होती.

असायला नको होती, कारण नकाशावर एक रेघ ओढलेली होती. हार्वर्ड विद्यापीठाचे हॅलम मोव्हियस १९३७-३८ मध्ये हेल्मुट दे टेरा यांच्या मोहिमेबरोबर ब्रह्मदेशात इरावतीच्या खोऱ्यात हिंडले होते. तिथे आणि आसपासच्या देशांत मिळालेल्या दगडी अवजारांवरून त्यांनी १९४० च्या दशकात जगाची दोन भागांत वाटणी केली. पश्चिमेला आफ्रिका, युरोप, पश्चिम आशिया आणि भारताचे द्वीपकल्प. इथल्या आदिमानवाने बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड केली. पूर्वेला चीन, ब्रह्मदेश, जावा. इथल्या माणसाने नदीतला गोटा एका अंगाने फोडला आणि त्याच धारेवर भागवले. इथवर ते निरीक्षण होते आणि त्यात बरेच तथ्यही होते. पण मोव्हियस तेवढ्यावर थांबले नाहीत. पूर्व आशिया हा संस्कृतीच्या दृष्टीने मागे पडलेला, कडेला राहिलेला प्रदेश होता आणि मानवाच्या प्रगतीत त्याचा काही वाटा नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दगडाच्या आकारावरून थेट माणसाच्या बुद्धीचा निवाडा झाला आणि तो पुढची कित्येक वर्षे टिकला.

या निवाड्यामागे एक शिडी होती आणि ती युरोपात बांधली गेली होती. १८५९ मध्ये जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स हे दोघे इंग्लंडहून उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठी आले. तिथे बूशे द पेर्त यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेल्या हातकुऱ्हाडी नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर एकाच थरात सापडतात, याची त्यांनी खात्री करून घेतली. माणूस फार जुना आहे, हे विद्वानांनी मान्य केले ते तेव्हा. त्यानंतर फ्रान्समध्ये एकावर एक असलेले थर खणले गेले आणि प्रत्येक थराच्या अवजारांना जवळच्या ठिकाणाचे नाव मिळाले. अमियाँजवळच्या सेंत-आशेलवरून अश्यूलियन, ल मुस्त्ये इथल्या गुहेवरून मुस्टेरियन. खालचा थर म्हणजे खालची पायरी, वरचा थर म्हणजे वरची पायरी. फ्रान्समधल्या काही दऱ्याखोऱ्यांपुरता हा क्रम उपयोगी होता. सगळ्या जगाला तोच क्रम लावायचा आणि ज्या मुलखात मधली पायरी दिसत नाही त्याला मागास ठरवायचे, ही मात्र घोडचूक होती.

गेल्या पन्नास वर्षांत या शिडीची एकेक पायरी निखळत गेली आहे.

सुरुवात तळापासूनच करता येईल. जुलै २०११ मध्ये सोनिया आर्माँ आणि जेसन लुईस यांचा चमू केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला वाट चुकला आणि ज्या ओढ्यात जायचेच नव्हते त्यात जाऊन पोचला. तिथे लोमेक्वी या ठिकाणी त्यांना ३३ लाख वर्षांपूर्वीची अवजारे मिळाली. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याआधीची सर्वांत जुनी मानलेली अवजारे इथिओपियातल्या गोना इथली, २६ लाख वर्षांपूर्वीची होती. लोमेक्वीचे दगड भले मोठे आहेत, काही तर पंधरा किलोपर्यंतचे. एक दगड जमिनीवर ठेवून त्यावर दुसरा आपटायचा, अशी ती रीत होती. गोना आणि पूर्व आफ्रिकेतल्याच ओल्डुवाई इथली ओल्डोवान रीत वेगळी आहे; तिथे एका हातात गाभा, दुसऱ्या हातात हातोडीचा दगड, आणि नेमक्या कोनात घाव. लोमेक्वीच्या काळात आपल्या ‘होमो’ वंशाचे जीवाश्म अजून कुठेच मिळालेले नाहीत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी न्यायांगा इथे २६ ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या ओल्डोवान अवजारांबरोबर पाणघोड्याची हाडे मिळाली आणि त्यांच्यासोबत दाढा मिळाल्या त्या पॅरांथ्रोपस या, माणसाच्या थेट पूर्वजांत न मोडणाऱ्या प्राण्याच्या. दगड घडवणे ही आपल्या एकट्याच्या वंशाची मिरासदारी नसावी, असे मानायला आता जागा आहे.

आफ्रिकेबाहेर पडलेल्यांची गोष्टही तशीच. जॉर्जियात दमानिसी इथे सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी माणसे राहत होती. चीनच्या लोएस पठारावर शांगचेन इथली अवजारे २१ लाख वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. या दोन्ही ठिकाणी हातकुऱ्हाड नाही, साधे गाभे आणि छिलके आहेत. आफ्रिकेत हातकुऱ्हाड दिसू लागते ती साधारण साडेसतरा लाख वर्षांपूर्वी. म्हणजे थंडी, अनोळखी जनावरे आणि हजारो किलोमीटरचा मुलूख पार करून माणूस आशियात पोचला तो ‘खालच्या पायरीवरचे’ अवजार हातात घेऊन. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर दहा लाख वर्षांपूर्वीची अवजारे आहेत आणि ते बेट समुद्राने कायम वेगळे राहिलेले आहे. ज्यांनी ते पाणी ओलांडले त्यांच्याकडेही साधेच छिलके होते. अवजाराचा साधेपणा आणि माणसाची कुवत यांचा एकास एक मेळ बसत नाही, याला याहून चांगला पुरावा कोणता असणार?

मोव्हियस यांच्या रेघेलाही दोन्ही अंगांनी भोके पडली. कोरियाप्रमाणे दक्षिण चीनमध्येही बोसे खोऱ्यात दोन्ही बाजूंनी घडवलेली मोठी अवजारे मिळाली. आठ लाख वर्षांपूर्वी एक उल्का आदळून आग्नेय आशियाभर वितळलेल्या काचेचे थेंब उडाले होते. ते थेंब याच थरात असल्यामुळे बोसेच्या अवजारांचे वय नक्की सांगता आले. तरीही पूर्वेला हातकुऱ्हाडी पश्चिमेच्या मानाने कमी आणि ओबडधोबड आहेत, हे खरेच. त्याची कारणे शोधताना कुणी म्हणाले, तिथे बांबू होता, मग दगडाला धार काढत बसायचे कशाला? कुणी म्हणाले, तिथले लोक विखुरलेले होते, पिढ्यान्पिढ्यांचे कौशल्य टिकायला जी दाट वस्ती लागते ती नव्हती. कुणी तिथल्या दगडाकडेच बोट दाखवले. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. मुळात प्रश्नच बदलला आहे. ही माणसे मागे का राहिली, असे आता कुणी विचारत नाही. त्यांच्या हाताशी काय होते आणि त्यांना कशाची गरज होती, हे विचारले जाते.

दगडाचा मुद्दा महाराष्ट्राला जवळचा आहे, कारण दख्खनचा सगळा अश्मयुगीन इतिहास दगडाच्या स्वभावावर उभा आहे. इंग्लंड-फ्रान्समध्ये चकमक आहे. ती काचेसारखी फुटते, हवी तिथून हवा तसा छिलका निघतो. तमिळनाडूत क्वार्टझाइट आहे. महाराष्ट्रात काळा कातळ आहे, बेसाल्ट. त्यातला बराचसा भाग पोकळ्यांनी भरलेला, ठिसूळ, अवजाराला नालायक. मात्र त्याच कातळाला छेदून गेलेल्या डाइकमध्ये घट्ट, बारीक कणांचा डोलेराइट असतो. अश्यूलियन काळच्या माणसाने नेमका असला दगड हेरला. नदीतल्या गोट्याला इकडून तिकडून ठोकत बसण्याऐवजी त्याने अजस्र धोंडा निवडला, त्यातून पसाभर मोठा छिलका एका घावात काढला आणि त्या छिलक्याची हातकुऱ्हाड किंवा फरशी केली. फरशीचे मर्म तिच्या रुंद, सरळ धारेत असते आणि ती धार नंतर घासून किंवा ठोकून काढलेली नसते. मोठा छिलका निघण्याआधीच धोंड्यावर असा घाव घातलेला असतो, की छिलका सुटताना त्याला ती धार तयारच मिळावी. पुढचा घाव मनात ठेवून आधीचा घाव घालायचा. हे काम दहा लाख वर्षांपूर्वी होत होते, हे शाळेतल्या मुलांना हातात दगड देऊन दाखवले तर इतिहासाचा तास त्यांना जन्मभर आठवेल.

इस्रायलमध्ये जॉर्डन नदीच्या काठी गेशेर बेनोत याकोव्ह इथेही बेसाल्टच होता आणि जवळजवळ आठ लाख वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनीही मोठ्या धोंड्यांतून मोठे छिलके काढून अशाच फरश्या केल्या. या दोन ठिकाणच्या लोकांची गाठ पडली असेल असे म्हणायचे कारण नाही. दगड सारखा, परंपरा सारखी, म्हणून उत्तर सारखे. याउलट कर्नाटकात हुणसगी खोऱ्यात इसामपूर इथे हाताशी होता चुनखडक. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथे आदिमानवाचा अख्खा कारखाना उघडा केला. चुनखडकाच्या लाद्या जागच्या जागी उचकटलेल्या, घडवलेल्या, अर्धवट सोडलेल्या, आणि घाव घालण्यासाठी मात्र बाहेरून आणलेले बेसाल्ट, क्वार्टझाइट आणि चर्टचे गोटे. कोणता दगड घडवायचा आणि कोणत्या दगडाने घडवायचा, याची निवड स्पष्ट दिसते. इथल्या थरात मिळालेल्या जनावरांच्या दातांवरून त्याचे वय बारा लाख वर्षांच्या घरात निघाले. भीमबेटक्याला, जिथल्या चित्रित शैलाश्रयांचा शोध वि. श्री. वाकणकर यांनी लावला, तिथे गुहेच्या थरात हातकुऱ्हाडींपेक्षा फरश्याच जास्त मिळाल्या. एकाच अश्यूलियन नावाखाली इतके वेगवेगळे हात काम करत होते.

यात नेवाशाचे स्थान फार मोठे आहे आणि ते नेवाशाबाहेर फारसे कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते. नेवासे म्हटले की मराठी माणसाला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण तिथून हाकेच्या अंतरावर प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांना १९५० च्या दशकात खडीच्या दोन वेगळ्या थरांत दोन वेगळ्या जातींची अवजारे मिळाली. खालच्या थरात काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या. वरच्या थरात चर्ट, जास्पर, अकीक अशा रंगीत, गुळगुळीत दगडांच्या लहान लहान तासण्या, टोकदार पाती. भारतात मधले पुराश्मयुग म्हणून वेगळा काळ दाखवता येतो की नाही, याबद्दल तोपर्यंत शंका होती. नेवाशाने ती दूर केली आणि पुढे या अवजारांना ‘नेवासन’ असेच नाव पडले. फ्रान्समधल्या गावांच्या नावांनी भरलेल्या शास्त्रात गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका गावाने आपली जागा मिळवली. जवळच चिरकी इथे १९६० च्या दशकात जर्मन संशोधक गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी अश्यूलियन काळची मोठी जागा खणली. त्याआधी सांकळियांनी नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी हातकुऱ्हाडी नोंदवल्या होत्या आणि १९५२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. नदीच्या पात्रात उतरून, दरडीचा छेद वाचून, कोणत्या थरात कोणता दगड हे टिपून घेण्याची शिस्त डेक्कन कॉलेजने विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांना लावली.

काळ्या दगडाकडून रंगीत दगडाकडे का वळले, याचेही उत्तर दगडात आहे. अकीक आणि जास्पर कातळाच्या पोकळ्यांत तयार होतात. त्यांचे तुकडे लहान, पण धार तीक्ष्ण. मोठी फरशी त्यांतून निघत नाही. मात्र गाभा आधीच कासवाच्या पाठीसारखा घडवून ठेवला, तर ठरवलेल्या आकाराचा छिलका एका घावात निघतो. याला लव्हाल्वा तंत्र म्हणतात आणि शिडीच्या हिशेबात ते हातकुऱ्हाडीच्या ‘नंतर’ यायला हवे. आर्मेनियात नोर गेघी इथे मात्र हातकुऱ्हाडी आणि लव्हाल्वा छिलके सव्वातीन लाख वर्षांपेक्षा जुन्या एकाच थरात एकत्र मिळाले. एकाच समाजाची माणसे दोन्ही रीती वापरत होती.

भारतात या बाबतीतला सर्वांत मोठा धक्का तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमने दिला. चेन्नईजवळच्या पल्लावरम इथे ३० मे १८६३ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांना भारतातले पुराश्मयुगीन अवजार पहिल्यांदा ओळखू आले. त्याच वर्षी फूट आणि विल्यम किंग अत्तिरमपक्कमला पोचले. म्हणजे सोम नदीच्या काठचा निकाल लागल्यानंतर अवघ्या चार वर्षांत भारतातला शोध सुरू झाला होता. दीडशे वर्षांनी शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी तीच जागा बारकाईने पुन्हा खणली. २०११ मध्ये त्यांनी दाखवले, की तिथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. तोपर्यंत भारतातले अश्यूलियन आफ्रिकेच्या फार नंतरचे मानले जात होते. २०१८ मध्ये त्याच ठिकाणचे लव्हाल्वा तंत्र ३ लाख ८५ हजार वर्षांपर्यंत मागे गेले. त्याआधी ते सव्वा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आधुनिक माणसाबरोबर इथे आले, असे बरेच जण मानत. एका ओढ्याकाठच्या जागेने दोन मोठ्या समजुती बदलल्या. त्या बदलता आल्या, कारण ती जागा दीडशे वर्षांनंतरही खणण्याजोगी शिल्लक होती.

हाच या लेखाचा मुद्दा आहे. दगडी अवजारांच्या नकाशावर जिथे काही दिसत नाही, तिथे बहुतेक वेळा कुणी नीट पाहिलेले नसते. हातकुऱ्हाडींच्या नकाशावर कोरिया रिकामा होता तो १९७८ पर्यंत. आणि पाहण्याआधीच ती जागा खणून नेली, तर तो प्रदेश कायमचा रिकामा राहतो.

मुंबईचे उदाहरण पाहा. १९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीच्या ओढ्यांत आणि खाणींत अश्मयुगीन अवजारांचे एकावर एक असलेले थर नोंदवले आणि १९३९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आज कांदिवलीत ते थर पुन्हा तपासायला जायचे म्हटले तर जायचे कुठे? कालमापनाच्या ज्या पद्धती टॉड यांच्या वेळी नव्हत्या त्या आता आहेत, पण त्या लावायला जागा उरलेली नाही. शहर वाढणार, घरे होणार, हे कुणी नाकारत नाही. पण पायाचे खड्डे खणताना एक-दोन छेद नोंदवून ठेवता आले असते. ते न झाल्याने पश्चिम किनाऱ्याच्या अश्मयुगाचे एक पान कायमचे गेले.

बोरीचे पान अजून आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी इथे नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे आणि त्याच्यासोबत अश्यूलियन अवजारे आहेत. (ही राख सह्याद्रीच्या कातळाची नव्हे. तो कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि राख कालपरवाची म्हणावी इतकी नवी.) तशीच राख बारामती तालुक्यात मोरगावला, अष्टविनायकांतल्या मयूरेश्वराच्या गावी, कऱ्हेच्या काठीही मिळाली आणि तिथेही अश्यूलियन अवजारे आहेत. बोरीच्या राखेचे वय पहिल्यांदा जवळपास १४ लाख वर्षे निघाले, नंतर डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ लाख ७० हजार सांगितले. इतर काही अभ्यासकांच्या मते ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. या तीन आकड्यांत महाराष्ट्राच्या मानवी इतिहासाचा आवाका बदलतो. पहिला खरा असेल तर आफ्रिकेतल्या अश्यूलियननंतर थोड्याच काळात माणूस जुन्नरच्या खोऱ्यात होता. तिसरा खरा असेल तर एक तर हातकुऱ्हाडीची परंपरा इथे फार उशिरापर्यंत चालली, किंवा राख नंतर वाहून येऊन जुन्या खडीत मिसळली.

हा वाद प्रयोगशाळेत बसून सुटणार नाही. अत्तिरमपक्कमला वय काढले ते क्वार्ट्झवरून. जमिनीवर उघड्या पडलेल्या क्वार्ट्झमध्ये अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे किरणोत्सारी अणू तयार होतात आणि दगड गाडला गेला की ते ठरलेल्या वेगाने घटतात. बेसाल्टात क्वार्ट्झचे दाणे नसतात, त्यामुळे ही पद्धत काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडीला लावता येत नाही. म्हणून दख्खनमध्ये राखेचे हे मोजके पुंजके सोन्याच्या मोलाचे आहेत. आंध्रात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात ज्वालापुरमला तोबाची राख जाड थरात मिळाली, तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे अवजारे मिळाली आणि तोबाच्या उद्रेकाने भारतातली माणसे संपली का, या प्रश्नाला ठोस उत्तर देणे शक्य झाले. वरची आणि खालची अवजारे बरीचशी सारखी होती. माणसे टिकली होती. हे कळले ते राख, खडी आणि माती यांचा क्रम जागच्या जागी शाबूत होता म्हणून. सुटा दगड कपाटात ठेवता येतो. थर कपाटात ठेवता येत नाही.

आणि महाराष्ट्रात नेमका थरच धोक्यात आहे. वाळू, मुरूम, वीटभट्टीची माती, रस्त्याची खडी हे सगळे जिथून निघते तिथेच पुराश्मयुग आहे. नदीच्या जुन्या दरडीत घट्ट बसलेली खडी जेसीबीला अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यात गेलेल्या हातकुऱ्हाडी कुठल्या तरी इमारतीच्या काँक्रीटमध्ये बसतात. हे पाप कुणा एका ठेकेदाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्याला तो दगड कुणी दाखवलाच नाही. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, लेणे, देऊळ, वाडा येतो. खडीचा थर येत नाही. संरक्षित स्मारकांच्या यादीतही भिंत आणि शिल्प यांना ठळक जागा मिळते, दरडीला क्वचित.

नवा कायदा त्यासाठी लागत नाही. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा, असे पुरातत्त्वीय स्थळांचे दोन्ही कायदे इमारतीपुरते नाहीत. अवशेष असलेली जमीनही त्यांत बसते. शिवाय २०१६ पासून वाळू आणि इतर गौण खनिजांसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. या अहवालात नदीचा प्रवाह, वाळूचा साठा, पर्यावरण यांची नोंद होते. त्यातच पुराश्मयुगीन स्थळांचे एक प्रकरण सक्तीचे करावे. सांकळियांपासून आजपर्यंतच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींतून त्या जिल्ह्यातली माहीत असलेली ठिकाणे गटक्रमांकासह काढावीत आणि लिलावाच्या नकाशावर दाखवावीत. जिथे थर जाडजूड आहे तिथे काठाचा पन्नास-शंभर मीटरचा पट्टा न खणता राखून ठेवावा. उरलेल्या ठिकाणी खणण्याआधी एका उन्हाळ्यात विद्यापीठांच्या पुरातत्त्व विभागांकडून छेद नोंदवून घ्यावा. वाळू लागते, घरे लागतात, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे मागणी सगळी नदी बंद करण्याची नाही. प्रवरा, गोदावरी, कुकडी, कऱ्हा यांच्या शेकडो किलोमीटरच्या काठांतले काही मोजके पट्टे सोडा, एवढीच आहे.

कोरियाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जोनगोक-रीला शोध लागल्यानंतर पुढच्याच वर्षी राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये तिथे प्रागैतिहासिक संग्रहालय उभे राहिले. १९९० च्या दशकापासून तिथे अश्मयुगाचा वार्षिक उत्सव भरतो आणि मुले स्वतः दगड फोडून पाहतात. हातकुऱ्हाडींची विपुलता पाहिली तर प्रवरेचे खोरे त्याहून उजवे ठरेल. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आहे, पण नेवाशाच्या शाळेतल्या मुलाने नेवाशाची हातकुऱ्हाड पाहायची तर पुण्याला यावे लागते. बोरीत, तसेच भाविक आणि पर्यटक आधीच येत असलेल्या नेवाशात आणि मोरगावात एकेक लहान दालन, दरडीच्या राखलेल्या छेदापर्यंत जाणारी एक पायवाट आणि तिथे उभे राहून थर समजावून सांगणारा गावातलाच एक प्रशिक्षित तरुण, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पावसाळा संपून पुढचे वाळूचे लिलाव निघण्याआधी अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या अहवालांत ही तीन नावे आणि चिरकीचे चौथे नाव दाखल झाले पाहिजे. ते काम दोन जिल्हाधिकारी आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांच्या अखत्यारीतले आहे.